तीन रिकामे खाने

भिंगबाईंच्या उजव्या हाताचा फोटो आठ देशांत लागलेला आहे. त्यांचा स्वतःचा फोटो कार्यालयाच्या ओळखपत्रावरसुद्धा धड नाही. त्यात कपाळ अर्धं कापलं गेलंय, आणि तो बदलून मिळावा म्हणून केलेला अर्ज सहा वर्षं विचाराधीन आहे. हात मात्र झळकतो. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कापसाचा बोळा, बोळ्याखाली नखाएवढी काळी चिप आणि वर जाड अक्षरांत 'चिप सुरक्षित, जग सुरक्षित'. हा फलक शेडच्या दारातच उभा आहे. भिंगबाई रोज सकाळी स्वतःच्या हाताला वळसा घालून कामावर जातात.

विमानतळाच्या मालशेडमध्ये त्या चौतीस वर्षं तपासनीस आहेत. बाहेरदेशी जाणाऱ्या पेट्या उघडायच्या, आत कागदावर लिहिलेल्याच चिपा आहेत का ते पाहायचं, एवढंच काम. दिसायला सगळ्या चिपा सारख्या. पण एक वॉशिंग मशीनचं पाणी किती वेळ फिरवायचं ते ठरवते आणि दुसरी एखादं क्षेपणास्त्र कुणाच्या छपरावर उतरवायचं ते. दुसऱ्या जातीला परवाना लागतो. तो न मिळणारे लोक चिपेच्या तोंडाला काळा लेप फासतात आणि त्यावर गरीब बिचाऱ्या वॉशिंग मशीनचं नाव छापतात.

ते ओळखायची बाईंची रीत साधी. बोळा नेलपॉलिश काढायच्या द्रवात बुडवायचा आणि चिपेच्या तोंडावरून तीनदा, एकाच दिशेनं फिरवायचा. खरी चिप ढिम्म राहते, बोळा पांढराच निघतो. लेप असेल तर बोळा काळा होतो आणि खालची जुनी अक्षरं वर डोकावतात. मग ती अक्षरं भिंगातून वाचायची. भिंग वडिलांचं. ते घड्याळजी होते. गिऱ्हाईक घड्याळाच्या तबकडीचं कौतुक करायला लागलं की ते घड्याळ पालथं घालून मागचं झाकण उघडायचे आणि शेजारी स्टुलावर बसलेल्या मुलीला म्हणायचे, "तोंड काय, कुणीही धुऊन येतं. तू आत बघ." भिंगासोबत सुट्या भागांची पत्र्याची डबीही बाईंकडे आली. शेडमध्ये जुन्या नियमानं प्रत्येक संशयित मालातले तीन नग नमुना म्हणून काढून तीस दिवस ठेवता येतात. ते त्या या डबीत ठेवतात. चौतीस वर्षांत त्यांनी एकशे बारा माल अडवले. त्यातले एकशे नऊ खरोखर खोटे निघाले. उरलेल्या तिघांची त्यांनी घरी जाऊन माफी मागितली. ही प्रथा त्यांच्याआधी शेडमध्ये नव्हती, पुढेही राहील असं वाटत नाही.

मग निधी आला.

चिपांचा गैरवापर रोखण्यासाठी आठ देशांनी मिळून उभारलेला हा निधी. हेतू इतका चांगला की त्याच्याबद्दल वाईट बोलणाऱ्याची जीभ झडावी. निधीबरोबर पिशव्या आल्या, टोप्या आल्या, जागृती सप्ताह आला, वातानुकूलित सभागृह आलं. 'चिप-मित्र' नावाची मदतवाहिनी आली. बाईंच्या टेबलावरच्या दिव्याचा बल्ब तेवढा आला नाही, कारण यादीत 'प्रकाशव्यवस्था' हे शीर्षक सभागृहाखाली होतं. द्रवाची बाटलीही बाई मुलीच्या ड्रेसिंग टेबलावरूनच आणत राहिल्या.

निधीच्या इथल्या कामाचे समन्वयक म्हणजे बाईंचे जावई. माणूस वाईट नव्हता. उलट मेहनती, नम्र, आणि सासूबाईंच्या हाताचं त्याला खरंच अप्रूप होतं. निधीकडे अर्ज करायचा होता तेव्हा तो एका सुट्टीच्या दिवशी वही घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसला होता. बाईंनी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्याला बोळा शिकवला. त्यानं फोटो काढला. अर्जाच्या मुखपृष्ठावर तो लागला आणि अर्ज मंजूर झाला. पाठोपाठ सल्लागार आले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की या बोळ्याला प्रमाणपत्र कुणाचं? कुणाचंच नव्हतं. तेव्हा नव्या पुस्तिकेत बोळा गाळला गेला, आणि माल अडवायचा तर पंधरा दिवसांत यंत्राचा अहवाल हवा, असं कलम आलं. चिप न फोडता आतलं दाखवणारं एक्स-रे यंत्र निधी देणार होता.

पुस्तिकेचा मसुदा बाईंकडे अभिप्रायासाठी आला होता. त्यांनी तो वाचला आणि खूश होऊन संमतीची सही केली. यंत्र! आतलं दाखवणारं! वडील असते तर नाचले असते. यंत्र आधी येईल आणि पुस्तिका मग लागू होईल, असं त्यांनी गृहीत धरलं. चौतीस वर्षं सरकारी शेडमध्ये काढलेल्या बाईनं असं गृहीत धरावं, याला काय म्हणावं हे त्या स्वतःच नंतर शोधत होत्या. त्यांना सापडलेले शब्द इथे छापण्यासारखे नाहीत.

पुस्तिका एक तारखेला लागू झाली. यंत्र त्याच दिवशी आलंही. लाकडी पेटीत, भोवती निधीचं निळं सील, वर पाटी: 'उद्घाटन वीस तारखेस. तोपर्यंत उघडू नये.' पेटी शेडच्या कोपऱ्यात, फलकाच्या मागे ठेवली गेली.

तीन तारखेला चाळीस ट्रे आले. प्रत्येकात नव्वद चिपा, कागदावर वॉशिंग मशीन. बाईंनी पहिल्या ट्रेमधली चिप उचलली आणि बोळा फिरवला. बोळा काळा झाला. एवढा काळा की शेजारून जाणारा फोर्कलिफ्टवाला थांबून म्हणाला, "बाई, काजळ काढताय का?"

बाई हसल्या नाहीत. खालची अक्षरं अर्धीच उमटली होती, पण त्यांना पुरे होती. ही जात त्यांनी आयुष्यात दोनदाच पाहिली होती आणि दोन्ही वेळा नंतर वर्तमानपत्रांत कोसळलेल्या इमारतींचे फोटो पाहिले होते. त्यांनी तीन नग डबीत टाकले, ट्रेमध्ये तीन खाने रिकामे राहिले, आणि माल अडवला. अठरा तारखेच्या दुपारी बारापर्यंत यंत्राचा अहवाल जोडायचा होता. यंत्र त्यांच्या टेबलापासून मोजून बावीस पावलांवर होतं.

त्या शेडप्रमुखांकडे गेल्या.

"साहेब, पेटी उघडू द्या. एक दिवस. पुन्हा खिळे ठोकून देते, मी स्वतः."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. अडचणीच्या वेळी ते एवढंच करतात. "अहो बाई, उद्घाटनाआधी वापरलेलं यंत्र म्हणजे उष्टं होतं ते."

"यंत्र उष्टं होत नाही."

"तुमच्या-माझ्या दृष्टीनं नाही होत. फोटोच्या दृष्टीनं होतं. शिवाय सील निधीचं. ते पाहुण्यांनीच तोडायचं, तसं कार्यक्रमपत्रिकेत छापलंय."

"मग पाहुण्यांना म्हणावं दोन दिवस आधी या."

"आठ देशांचे आठ लोक आहेत! तिकिटं निघालीत त्यांची."

"मालाचंही निघालंय, साहेब. अठराचं."

साहेबांनी चष्मा परत काढला.

बाईंनी शहरातल्या प्रयोगशाळेला विचारलं. त्यांच्या यंत्राचा नंबर पुस्तिकेत नव्हता. 'चिप-मित्र'ला फोन लावला. वीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक गोड आवाज आला, संशयित मालाची तक्रार नोंदवण्यासाठी कृपया यंत्राचा अहवाल जोडावा. बाईंनी त्या गोड आवाजाला विचारलं, "बाळ, तुला घर आहे का? त्याला छप्पर आहे?" आवाज म्हणाला की हा प्रश्न त्यांच्या विभागाचा नाही.

रविवारी दुपारी मुलगी-जावई जेवायला आले. बाईंनी पहिल्या घासापर्यंत वाट पाहिली.

"जावईबापू, पेटी उघडा."

एरवी त्या त्याला लाडानं 'अहो इंजिनिअर' म्हणायच्या. 'जावईबापू' ऐकल्यावर मुलीनं पाण्याचा तांब्या दोघांच्या मधे आणून ठेवला, जणू त्यानं आडोसा होणार होता.

"आई, मी बोललो होतो वरती," जावई म्हणाला. "नाही जमत. पुढच्या तीन वर्षांचा निधी या कार्यक्रमावर ठरणार आहे. आता काही वेडंवाकडं झालं तर सगळंच बंद पडेल. एका मालासाठी..."

"एका मालासाठीच तर निधी आहे ना? का निधीसाठी निधी आहे?"

"व्यवस्था उभी राहायला वेळ लागतो, आई."

"राहू दे की उभी सावकाश. पण मग माझा बोळा का काढून घेतलात? नवी चप्पल यायच्या आधीच जुनी फेकून दिलीत आणि आता सांगताय अनवाणी पळ. तेही निखाऱ्यांवरून."

"अगं आई, जेवताना नको ना," मुलगी म्हणाली.

"मग कधी? जेवल्यावर हे झोपतात, उठल्यावर कार्यशाळेला जातात. माझा हात आठ देशांत टांगलाय यांनी. त्या हाताला स्वतःच्या शेडमध्ये एक पेटी अडवता येत नाही. हात कापून नेला असता तर बरं झालं असतं. निदान रजा तरी मिळाली असती."

जावयानं घास खाली ठेवला. तो हळू बोलला, पण बोलला. "पुस्तिकेवर तुमचीही सही आहे, आई."

बाई उठल्या. ताट उचलून आत गेल्या आणि आतून बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. भांडी आधीच घासलेली होती.

अठरा तारखेला साडेअकरालाच मालवाल्यांचा एजंट येऊन बसला. स्वच्छ दाढी, इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची फाईल.

"मावशी, झालं का?"

"मी कुणाची मावशी नाही."

"बरं, बाई. एवढ्या का रागावता? वॉशिंग मशीनच्या चिपा आहेत हो. लोकांनी कपडे धुवायचे नाहीत का?"

"हा माल जातोय त्या गावात वॉशिंग मशीनचा कारखाना आहे?"

"कागदावर आहे."

"आणि गावात?"

"मी कुठे गेलोय तिथे?" एजंट मनापासून म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. माहीत नसण्याचेच तर त्याला पैसे मिळत होते.

बारा वाजले. संगणकाच्या नव्या पडद्यावर दोन चौकोन आले. एकात 'यंत्र-अहवालानुसार रोखले', दुसऱ्यात 'मंजूर'. पूर्वीच्या फॉर्मला खाली शेऱ्यासाठी चार ओळी असायच्या. बाईंचे शेरे वाचायला लोक दुसऱ्या विभागांतून यायचे. नव्या पडद्यावर शेरा नव्हता. पहिला चौकोन दाबला की पडदा अहवालाचा क्रमांक विचारी. बाईंनी पहिला चौकोन सात वेळा दाबला. साहेब मागे येऊन उभे राहिले. "बाई, सात वेळा दाबलंत तर ते बंद पडतं."

"पडू दे."

"मग आपोआप मंजूर होतं."

ते खरंच होतं. पडदा मिटला, उघडला, आणि 'मंजूर' हिरवं झालं. बाईंनी दुसऱ्या चौकोनाला बोट लावलं नव्हतं. पण खाली त्यांचंच नाव उमटलं. फोर्कलिफ्टवाल्यानं चाळीस ट्रेंची पेटी उचलली, फलकावरच्या हाताला वळसा घातला, यंत्राच्या पेटीला जरासं खेटून गाडी वळवली आणि बाहेर नेली. आज त्यानं थट्टा केली नाही.

वीस तारखेला उद्घाटन झालं. आठ देशांचे आठ पाहुणे, त्यांच्या गळ्यांत ओळखपत्रं, आणि प्रत्येकाचा चेहरा पूर्ण. फीत कापली, सील तोडलं. यंत्र खरोखर देखणं होतं. सभागृहात मोठा पडदा लावला होता. मुख्य पाहुण्या, पिकल्या केसांच्या हसतमुख बाई, स्वतःहून म्हणाल्या की पहिला नमुना या हाताच्या मालकिणीनं ठेवावा. दुभाषा जावईच होता. त्यानं सासूबाईंना मंचावर बोलावलं आणि प्रात्यक्षिकासाठी आणलेल्या चिपेचं पाकीट त्यांच्या हातात दिलं.

बाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि पर्समधून पत्र्याची डबी काढली. तिच्यात ते तीन नग होते आणि गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडून आणलेली, मोडक्या वॉशिंग मशीनमधली एक खरी चिपही. त्यांनी ती चिप आणि एक नग यंत्रात शेजारी-शेजारी ठेवले.

पडद्यावर चित्र उमटलं. डावीकडे खऱ्या चिपेच्या पोटात साखरेच्या दाण्याएवढा तुकडा आणि मोजक्या तारा. उजवीकडे, तेच नाव लावलेल्या दुसरीच्या पोटात, कडेपर्यंत भिडलेला मोठा चौकोन आणि शेकडो तारांचं जाळं. चहा देणाऱ्यालाही फरक दिसला. तो ट्रे घेऊन उभाच राहिला. यंत्रानं आपणहून खाली लाल अक्षरांत लिहिलं: 'नोंदीशी विसंगत. माल रोखावा.'

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाईंनी माईक हातात घेतला. "टाळ्या थांबवा," त्या म्हणाल्या. "ज्याला तुम्ही टाळ्या वाजवताय तो माल परवा दुपारी गेला. याच शेडमधून. हे यंत्र तेव्हा इथेच होतं, कोपऱ्यात, पेटीत. मीही इथेच होते. माझा बोळा काळा झाला होता, पण तुमच्या पुस्तिकेत बोळा नाही. तीन हजार पाचशे सत्त्याण्णव चिपा गेल्या. त्या कुठे पोहोचतील ते तुम्हाला मी सांगायला नको, त्यासाठीच तुम्ही निधी काढलाय. फीत कापायला लोक मिळावेत म्हणून दोन दिवस थांबलात. आता घरी जा."

सगळे जावयाकडे पाहू लागले. जावयानं घसा साफ केला. तो पाहुण्यांच्या भाषेत बोलला, जरा थोडक्यात.

आठही पाहुण्यांनी दुसऱ्यांदा टाळ्या वाजवल्या. मुख्य पाहुण्यांनी तर बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला. तेव्हा बाईंना भाषांतर कळलं.

जावयानं नंतर मुलीला सांगितलं ते असं: "मी खोटं नाही बोललो. एवढंच म्हणालो की हे यंत्र दोन दिवसांपूर्वीही फार उपयोगी पडलं असतं, असं आईंना वाटतं." मुलीनं त्याचं पांघरूण बाहेरच्या खोलीत नेऊन टाकलं.

निधी तीन वर्षांसाठी वाढवून मिळाला. अहवालात या प्रसंगाला 'यशोगाथा क्रमांक एक' म्हटलंय. सोबत पडद्यावरच्या चित्राचा फोटो आहे आणि यंत्रावर ठेवलेला तोच हात.

तीस दिवस संपत आले तसा एजंट पुन्हा आला. या वेळी तो खरोखर अस्वस्थ होता. "बाई, पलीकडून फोन आलाय. तीन खाने रिकामे निघाले म्हणतात. नमुने परत द्या. नियम आहे."

"आहे ना. ज्यांना हवेत त्यांनी स्वतः यावं. ओळखपत्र दाखवावं, सही करावी आणि घेऊन जावं. तोही नियम आहे. जुना, पण कुणी काढायला विसरलं."

"तीन चिपांसाठी कोण येणार?"

"वॉशिंग मशीनवाले येतील की. त्यांचे कपडे खोळंबले असतील."

कुणी आलं नाही. तिसाव्या दिवशी जावई आला. घरी नाही, शेडमध्ये, दुपारच्या सुट्टीत. हातात साहेबांचं पत्र होतं: प्रकरण मिटलं आहे, नमुने एजंटकडे द्यावेत, समन्वयकांनी खाली सही करावी. उद्घाटनापासून सासू-जावयांत एक शब्द झाला नव्हता. तो टेबलासमोर उभा राहिला. बाईंनी त्याला बसा म्हटलं नाही. त्यांनी डबी उघडली, अजून बोळा न लागलेला एक नग काढून कागदावर ठेवला, कापूस बाटलीत बुडवला आणि त्याच्या हातात दिला.

"पुसा."

"आई, मला शिकवलंत तुम्ही. मला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच. तीनदा. एकाच दिशेनं."

त्यानं पुसलं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा बोळ्याची कड मळली. तिसऱ्यांदा बोळा काळा झाला, आणि त्याच्या अंगठ्यालाही लागलं.

"आता याचं भाषांतर करा," बाई म्हणाल्या.

त्यानं रुमाल काढला. रुमालानं अंगठा पुसला, तो डाग काही गेला नाही. मग खिशातून पेन काढून त्यानं पत्राखाली लिहिलं, 'नमुने राखून ठेवावेत,' आणि सही केली. कारण लिहिलं नाही. कारणासाठी त्या पत्रात जागाच नव्हती. ते पत्र साहेबांच्या टेबलावर अजून पडून आहे आणि साहेब त्याच्याकडे पाहून चष्मा पुसतात.

भिंगबाईंनी त्याला तेव्हाही बसा म्हटलं नाही. त्यांनी तीन नग डबीत ठेवले, झाकण दाबून लावलं आणि पुढची पेटी उघडायला घेतली. डबी त्यांच्या खणात आहे. तीन तिथे आहेत. बाकीच्या पोहोचल्या.